तान्हा पोळा आणि घरचा लाकडी बैल

यंदाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने आपल्या माहितीतल्या एखाद्या जुन्या गोष्टीविषयी लिहावे, असे आपल्या अध्यक्षबाईंनी सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. थोरामोठ्यांची चरित्रे लिहिण्याची माझी योग्यता नाही. म्हणून मुलांच्या लाकडी बैलाचा इतिहास लिहावयाचे ठरविले. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

माझे माहेर नागपूर जिल्ह्यात, उमरेडकडे. तिकडे श्रावण अमावस्येला मोठा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, तान्हा पोळा. पहिला दिवस खऱ्या बैलांचा, दुसरा मुलांचा. फळीवर उभा केलेला, खाली चार चाके आणि पुढे दोरी असा बैल ओढीत मुले मारुतीच्या देवळापुढे जमतात. आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते. मोठ्या बैलांप्रमाणेच त्यांचीही पूजा होते आणि मग मुले घरोघर जाऊन बोजारा मागतात. कोणी पैसे देतो, कोणी खाऊ देतो.

लग्न होऊन मी वाशीमला आले तेव्हा सासरी निराळी चाल दिसली. येथे पोळ्याला मातीची बैलजोडी आणून पाटावर मांडीत आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवीत. ज्याच्या गोठ्यात बैल नाही त्याच्याही घरी ही जोडी यावयाचीच. माझ्या रुखवतातला लाकडी बैल पाहून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, हे खेळणं कशाला गं आणलंस?" त्यांना तान्हा पोळा ठाऊक नव्हता आणि मला मातीचे बैल नवे होते. एकाच विदर्भात असे का, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे राहिला.

पुढे मुलीची इतिहासाची पुस्तके वाचताना थोडा उलगडा झाला. आपल्या वाशीमवर एके काळी नागपूरच्या भोसल्यांचा अंमल चाले. आपले बालाजीचे मंदिर बांधणारे भवानी काळू हे भोसल्यांच्याच पदरचे. परंतु १८०३ साली दुसरे रघुजी भोसले यांचे इंग्रजांशी युद्ध झाले. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावास त्यांच्या फौजेचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड त्यांना सोडावा लागला व तो निजामाकडे गेला. नदीच्या अलीकडे आपण राहिलो आणि पलीकडे नागपूर.

याच रघुजीराजांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला, असे नागपूरकर सांगतात. मुलांना खरे बैल आवरता येत नाहीत, परंतु बैलाची किंमत त्यांना लहानपणीच कळावी, म्हणून लाकडी बैल. नागपूरच्या भोसले वाड्यात त्या काळचा मानला जाणारा माणसाहून उंच लाकडी बैल अजून आहे व तान्ह्या पोळ्याला त्याची पूजा होते. अर्धे राज्य हातचे गेल्यावर तीनच वर्षांत राजाने पोरांच्या हाती बैलाची दोरी द्यावी, याचे मला फार नवल वाटते.

पुढे १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला जाऊन नागपूरशी पुन्हा संबंध आला. आता आपल्या बाजारातही पोळ्याच्या आधी लाकडी बैल विकावयास येतात व गल्लीगल्लीत तान्हा पोळा भरतो.

चाकांवरचे जनावर मात्र रघुजीराजांच्याही फार आधीचे आहे. नगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद म्हणून ठिकाण आहे. तेथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल गावकऱ्याला काशाच्या चार मूर्ती मिळाल्या. त्यांत दोन बैल जोडलेला रथ आहे व तो हाकणारा माणूस उभा आहे. शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. या मूर्ती साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असे विद्वान म्हणतात. त्यांचा फोटो पाहून मला आपलाच पोळा आठवला.

आता आमच्या घरच्या बैलाविषयी. तो गावच्या सुतारबाबांनी सागवानाचा केलेला होता. आमच्या गोठ्यात ढवळ्या नावाचा पांढरा बैल होता. त्याचे उजवे शिंग थोडे वाकडे आणि वशिंडावर काळा ठिपका. दादाने हट्ट धरला, तेव्हा सुतारबाबांनी गोठ्यात येऊन ढवळ्याला नीट पाहिले आणि लाकडी बैलाचेही उजवे शिंग तसेच वाकडे ठेवले. दरवर्षी पोळ्याआधी त्याला नवा पांढरा रंग, शिंगांना हिंगूळ आणि वर बेगड. झूल मी शिवीत असे. आईच्या फाटक्या चोळीचे खण, टिकल्या, जुन्या पैंजणाचे घुंगरू, सुतळीची वेसण आणि रंगीत दोऱ्याचा कासरा. पोरापोरांत तर आठ दिवस बाजारच भरे. चार घुंगरांना एक बाशिंग, एका चाकाला दोन गोंडे, अशी अदलाबदल चाले, आणि तीवरून भांडणेही होत.

परंतु दोरी धरावयाची ती दादाने. मुलींनी बैल नेऊ नये, अशी आमच्याकडे चाल होती. मी झूल शिवावी आणि ओट्यावरून पाहावे. लग्नाच्या वेळी दादाने तोच बैल माझ्या रुखवतात ठेवला व म्हणाला, "झूल तुझी, आता बैलही तुझाच." मी तोंड फिरवून रडले. पुढे दोन वर्षे पीक बुडाले आणि बाबांनी ढवळ्याची जोडी विकली. त्याचा फोटो कोणीच काढलेला नव्हता.

आणि तो लाकडी बैल मी विकला. घराला रंग द्यावयाचा होता, माळा रिकामा करीत होते. जुन्या वस्तू घेणारा एक जण दारी आला. त्याने बैल उलटा करून फळीची खालची बाजू नीट पाहिली, लाकडावर नख ओढले आणि साडेतीनशे रुपये देऊ केले. धूळ खात पडलेल्या लाकडाचे एवढे पैसे येतात म्हणून मला आनंदच झाला. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मुलीने विचारले, "आई, मामाचा ढवळ्या कुठं गेला?" मला उत्तर देता आले नाही. दादाला मी हे अजून सांगितलेले नाही. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल तेव्हा कळेल.

माझा भाचा अमेरिकेत नोकरीस आहे. त्याने सांगितले की तिकडे असाच घोड्यांचा छंद आहे. १९५० साली शिकागोच्या ब्रेयर कंपनीने घड्याळाच्या शोभेसाठी प्लॅस्टिकचा घोडा केला. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला आणि तेव्हापासून ते घोडे जमविण्याचा नाद लागला. लोक त्यांना नव्याने रंगवितात, खऱ्या केसांची आयाळ लावतात, बोटाएवढे खोगीर शिवतात, अदलाबदल करतात. १९९० पासून केंटकी प्रांतात त्यांचा दरवर्षी मेळा भरतो. हे सारे करणाऱ्यांत बायका व मुलीच पुष्कळ. ते ऐकून वाटले, झुली शिवणाऱ्या हातांना तिकडे दोरीही मिळाली.

भगिनींनो, २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गुरे आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली निघाली. आपल्या शेतांत ट्रॅक्टर आले. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी माणसांचेही कष्ट वाचविले आहेत. परंतु ज्या पोरांनी गोठा पाहिलाच नाही, त्यांच्यापुढे आता लाकडाचा नाहीतर मातीचा बैलच उरणार आहे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, यंदाच्या तान्ह्या पोळ्यात आपल्या मुलींच्याही हाती दोरी द्यावी आणि झुलींची स्पर्धा ठेवावी. बक्षिसासाठी त्या साडेतीनशे रुपयांत भर घालून पाचशे रुपये मी देईन. दुसरी, आपापल्या माळ्यावर जुना बैल असेल तर तो विकू नये. फळीच्या खालच्या बाजूस बैलाचे नाव, कोणी केला त्याचे नाव आणि साल लिहून ठेवावे. मातीच्या जोडीच्याही पोटाखाली कोळशाने साल लिहावयास काय हरकत आहे?

लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.