गृहरक्षण व ग्रामरक्षण, धाराशिव जिल्ह्यातील

चोर, दरोडेखोर व लुटारू टोळ्या यांच्यापासून घर, धान्य आणि गुरेढोरे यांचे रक्षण करण्याची व्यवस्था. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात ही व्यवस्था दीर्घकाळ दोन गोष्टींवर उभी होती : घराची बांधणी आणि गावचा जागल्या. आज तिचा पुष्कळसा भाग करारावर आला आहे. चोरी झाल्यास भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र तिन्ही अवस्थांत कळीचा राहिला.

जुने घर माळवदाचे असे. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया व मातीचा जाड थर. रस्त्याच्या बाजूस खिडक्या क्वचितच. दार जाड फळ्यांचे असून आतून अडसर भिंतीतील खोबणीत सरकविला जाई. धान्य पेवात किंवा बळदात राही. संपन्न घराण्यांचे वाडे व पांढऱ्या मातीच्या गढ्या म्हणजे याच विचाराची मोठी रूपे होत. या बांधणीची दुसरी बाजू ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात दिसून आली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात चोराला दाद न देणाऱ्या याच भिंती व माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो लोक दगावले.

भिंतीबाहेरची राखण गावाच्या चाकरांकडे असे. महार, मांग, रामोशी इ. जातींकडे प्रदेशपरत्वे हे काम वंशपरंपरेने चालत आले. वेशीवर बसणे, रात्री गस्त घालणे, परक्या माणसाची खबर पाटलास देणे आणि चोरी झाल्यास माग काढणे, ही त्यांची प्रमुख कर्तव्ये. माग काढण्याची रीत विशेष लक्षणीय आहे. पावलांच्या खुणांवरून चोर शिवेपर्यंत गेल्याचे दाखवून दिले, की जबाबदारी पुढील गावाच्या जागल्यावर जाई. माग शिवेच्या आत हरवला, तर ती त्याच गावावर राही. शेजारच्या पेशवाई मुलखाविषयी मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची नोंद आहे. गेलेल्या मालाची पूर्ण किंमत वसूल करणे क्वचितच शक्य होई, असेही तो सांगतो; एरवी दंड बसे किंवा हयगय करणाऱ्याचे इनाम काढून त्याच्या आप्ताकडे दिले जाई. ही व्यवस्था स्वस्त होती असे म्हणणे सोपे आहे. परंतु ती स्वस्त होती ती राखणदाराच्या जिवावर. त्याला मिळे ते बलुते व थोडी वतनी जमीन, आणि काम नाकारण्याची मुभा त्यास नव्हती.

१८५३ ते १८६० या काळात हा भाग निजामाकडून इंग्रजांकडे होता. नळदुर्ग येथे या मुलखाचा कारभार प्रथम पाहणारा मेडोज टेलर हा ठगांवरील कादंबरीचा (१८३९) कर्ता, हा योगायोग मोठा चमत्कारिक म्हणावा लागेल. त्यानंतर मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांपुढे अडसर आणि जागल्या दोन्ही तोकडे पडले. अनेक कुटुंबांनी सरहद्दीपलीकडे सोलापूर जिल्ह्यात आश्रय घेतला व सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतरच ती परतली.

वतनी चाकरीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे त्यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. ज्यांच्या पहाऱ्यावर गाव निर्धास्त झोपे, त्यांनीच त्या पहाऱ्याच्या अटी नाकारल्या, हे या परिषदेचे महत्त्व. मुंबई राज्याच्या १९५८ च्या अधिनियमाने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटील हे पद वंशपरंपरागत न राहता नेमणुकीचे झाले. गावोगावची ग्रामसुरक्षा दले स्वयंसेवकांची असतात. चोऱ्यांची आवई उठली की त्यांची गस्त जोरात चालते आणि भीती ओसरली की थंडावते.

शहरांतून पगारी पहारेकरी आले, तेव्हा शोषणाचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. पहारेकऱ्यांचे वेतन व कल्याण यांसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये अधिनियम केला. खाजगी सुरक्षा संस्थांना परवाना आणि पहारेकऱ्यांना प्रशिक्षण व चारित्र्यपडताळणी २००५ च्या केंद्रीय अधिनियमाने आवश्यक ठरविली. त्यामुळे संस्था निवडताना परवाना पाहणे ही पहिली पायरी होय. धोक्याची घंटा व कॅमेरे यांबाबत खरी चौकशी यंत्राची नव्हे, तर पुढच्या कृतीची करावयाची असते : घंटा वाजल्यावर कोण येणार, वीज गेल्यास यंत्र किती वेळ चालणार, कॅमेऱ्याचे चित्रण किती दिवस राहणार. करारपत्रातील नुकसानभरपाईचे कलम तर सहीपूर्वी वाचलेच पाहिजे; कारण जागल्याप्रमाणे मालाची किंमत भरून देण्याचे दायित्व संस्था सहसा पत्करत नाहीत आणि तो भार गृहस्थास विम्याकडे सोपवावा लागतो.