उपपॅनलचे अर्थिंग

उपपॅनलचे अर्थिंग म्हणजे घरातील काही विद्युत मंडले मुख्य पॅनलमधून दुय्यम वितरण पेटीत हलविताना त्यांच्या न्यूट्रल व अर्थ तारांची करावयाची जोडणी होय. अमेरिकेत ही जोडणी 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' या संहितेच्या प्रकरण २५० मधील नियमांनुसार केली जाते.

तत्त्व

अमेरिकी घरांना सामान्यतः १२०/२४० व्होल्टचा पुरवठा दोन लाइव्ह तारा व एक न्यूट्रल तार यांद्वारे होतो. न्यूट्रल व अर्थ हे पुरवठा घरात प्रवेश करतो तेथेच, बहुधा मुख्य पॅनलमध्ये, एकमेकांस जोडलेले असतात. उपपॅनलमध्ये ते वेगळे ठेवणे आवश्यक असते. तेथे ते पुन्हा जोडल्यास परतीचा प्रवाह अर्थ तारेतून व धातूच्या पेट्यांतूनही वाहू लागतो. फीडरची न्यूट्रल तार तुटल्यास हा धोका अधिक वाढतो.

दोषाच्या वेळी प्रवाह अर्थ तारेने मुख्य पॅनलपर्यंत परततो व ब्रेकर बंद होतो. जमिनीत पुरलेला रॉड या तारेची जागा घेऊ शकत नाही. रॉडचा रोध २५ ओहम असल्यास १२० व्होल्टला त्यातून केवळ ४.८ अँपिअर प्रवाह वाहतो. त्याने १५ अँपिअरचा ब्रेकर बंद होत नाही.

जोडणी

उपपॅनलकडे चार तारांचा फीडर नेतात: दोन लाइव्ह, एक न्यूट्रल व एक अर्थ. तांब्याच्या अर्थ तारेचा किमान आकार ६० अँपिअरच्या फीडरसाठी अमेरिकन वायर गेजनुसार १० क्रमांकाचा, तर १०० अँपिअरसाठी ८ क्रमांकाचा असतो. न्यूट्रल पट्टीला पेटीशी जोडणारा स्क्रू काढून टाकतात व अर्थ तारांसाठी पेटीला स्वतंत्र पट्टी बसवितात.

हलविलेल्या प्रत्येक मंडलाच्या लाइव्ह, न्यूट्रल व अर्थ या तिन्ही तारा एकत्रच उपपॅनलमध्ये न्याव्या लागतात. केबल अपुरी पडल्यास जुन्या पेटीत जोड देऊन तिन्ही तारा वाढवितात. न्यूट्रल जुन्या पॅनलमध्येच राहिल्यास जाणारा व परतणारा प्रवाह भिन्न मार्गांनी वाहतो; त्यामुळे तारांभोवती चुंबकीय क्षेत्र वाढते आणि उपपॅनलमधील गळतीरोधक ब्रेकर बंद पडतो.

स्वतंत्र इमारती

गॅरेजसारख्या स्वतंत्र इमारतीतील उपपॅनलला अर्थ तारेखेरीज स्वतःचा भूविद्युतग्रही, उदाहरणार्थ रॉड, लागतो. पूर्वी अशा इमारतींना काही अटींवर तीन तारांचा फीडर चालत असे. संहितेच्या २००८ च्या आवृत्तीपासून नव्या कामात चौथी तार आवश्यक झाली.