पाळण्यांतले पाय

‘मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण जुनी आहे, सोयीची आहे, आणि माझ्या मतें बरीचशी खोटी आहे. पाळण्यांत पाय सर्वच मुलांचे दिसतात. ते पुढें कोणत्या वाटेनें गेले हें ठाऊक झाल्यावरच आपण मागें वळून ‘तेव्हांच दिसले होते’ असें म्हणूं लागतों. ही म्हण आज आठवण्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला.

निफाडास आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर गुन्हाशोधाची एक इंग्रजी मालिका पाहण्याचा परिपाठ पडला होता. दोन रात्री शांतपणें पाहून झाल्यावर आमच्या आत्याबाईंनीं विचारलें, “अरे, हा पुढें मोठा अंमलदार होणार, एकटा राहणार आणि एकटाच मरणार, हें तुला ठाऊकच आहे म्हणतोस, मग रात्र जागून पाहतोस तरी काय?” प्रश्न साधा होता, पण मला त्याचें उत्तर त्या रात्रीं देतां आलें नाहीं. मी इतिहासाचा शिक्षक आहें, आणि हा प्रश्न दूरचित्रवाणीपुरता नसून माझ्या व्यवसायाच्या मुळाशीं जाणारा आहे, हें हळूहळू माझ्या ध्यानांत आलें.

ती मालिका म्हणजे ‘एन्डेव्हर’. कॉलिन डेक्स्टर या लेखकानें १९७५ सालीं ऑक्सफर्डमधील मॉर्स नांवाचा एक पोलीस अधिकारी निर्माण केला, आणि १९९९ पर्यंत तेरा कादंबऱ्यांतून त्याची कथा सांगून अखेरच्या कादंबरींत त्यास मृत्यु दिला. १९८७ ते २००० या काळांत जॉन थॉ या नटानें तीच भूमिका दूरचित्रवाणीवर केली. मद्य, शब्दकोडीं, ऑपेराचें संगीत आणि एकटेपणा या चार गोष्टींनीं घडलेला हा मॉर्स इंग्लंडांत घरोघरीं माहीत झाला. पुढें २०१२ सालीं रसेल लुइस या लेखकानें काळाचें चक्र उलटें फिरविलें. त्यानें १९६५ सालचा तरुण मॉर्स शॉन एव्हन्स या नटाच्या रूपानें पुढें आणला आणि २०२३ पर्यंत छत्तीस भागांत त्यास १९७२ सालापर्यंत आणून सोडलें. आधींची कथा नंतर सांगावयाची, असा हा प्रकार. त्यास आपण ‘पूर्वकथा’ म्हणूं.

शेवट माहीत असलेली कथा ऐकण्याची आपल्या लोकांस संवय नाहीं असें नाहीं. हरिश्चंद्राचें आख्यान ऐकावयास बसलेल्या श्रोत्यास डोंबाघरच्या चाकरीचा शेवट ठाऊक असतो. खुद्द आत्याबाईंनीं तें आख्यान किती वेळां ऐकलें असेल याची गणती नाहीं. कीर्तनाचा श्रोता ‘काय झालें’ यासाठीं येत नाहीं, ‘कसें झालें’ यासाठीं येतो. परंतु रहस्यकथेचें तसें नाहीं. तिचा सारा डोलारा अज्ञानावर उभा असतो. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड वाचनालयांतून आणून आम्ही अधाशासारखे वाचीत असूं. पण झुंजार लहानपणीं कसा होता असा प्रश्न आम्हांस कधीं पडला नाहीं. गुन्हेगार कोण एवढें कळलें कीं पुस्तक मिटलें. मग अज्ञानावर जगणाऱ्या या वाङ्मयप्रकारांत, ज्ञात शेवटाची पूर्वकथा टिकते तरी कशी?

याचें उत्तर रहस्यकथेच्या घडणींतच सांपडतें. अशा प्रत्येक कथेंत वास्तविक दोन कथा असतात: एक गुन्ह्याची व दुसरी शोधाची. गुन्ह्याची कथा आधीं घडून गेलेली असते. शोधाची कथा तिच्या शेवटापासून, म्हणजे प्रेतापासून, सुरू होऊन मागें मागें जाते. पूर्वकथा करते ती एवढेंच कीं, प्रेताच्या जागीं ती माणूस ठेवते. म्हातारा, मद्यप्रिय, एकाकी मॉर्स हेंच येथलें कोडें होय. इतका बुद्धिमान आणि कोमल मनाचा मनुष्य असा कसा झाला, हा तपास छत्तीस भाग चालतो, आणि प्रत्येक भागांतील खून हा त्या मोठ्या तपासांतील एकेक पुरावा ठरतो.

मराठींत या प्रकाराचें अगदीं उघड उदाहरण झालें आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर २०१६ सालीं आली. कोंकणांतील एका वाड्याचा धनी अण्णा नाईक याच्या मरणानें तिचा आरंभ होतो. मुलें-सुना गोळा होतात आणि घरांतील संशय एकेक करून वर येऊं लागतात. सावंतवाडीजवळच्या आकेरी गांवांत तिचें चित्रण झालें होतें आणि मालवणी बोलीचा तिला ठसका होता. पुढें जानेवारी २०१९ मध्यें दुसरा भाग आला तो पुढची कथा सांगणारा नव्हता. त्यानें काळ मागें नेला. ज्याच्या मरणानें पहिली कथा सुरू झाली, तो अण्णा माधव अभ्यंकर यांच्या रूपानें जिवंत, दरारा गाजवीत, शेवंतेच्या मागें लागलेला असा प्रेक्षकांपुढें उभा राहिला. येथें माणसाच्या जागीं प्रेत आणि प्रेताच्या जागीं माणूस हा प्रकार अक्षरशः घडला. पहिल्या भागांत ज्यास आपण केवळ एक मेलेला बाप म्हणून ओळखत होतों, त्याचीं पापें डोळ्यांदेखत घडतांना पाहून आपला न्यायनिवाडा अधिक कठोर झाला असावा. पण नवल असें कीं, तो मनुष्य अधिक जवळचाहि वाटूं लागला.

अशा कथेचे कांहीं ठराविक संकेत असतात. पहिला संकेत असा कीं, नायकाच्या जिवास धोका नाहीं हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें भय दुसऱ्याकडे वळवावें लागतें. ‘एन्डेव्हर’मध्यें तें मॉर्सचा वरिष्ठ थर्सडे याच्याकडे वळविलें आहे. रॉजर ॲलम या नटानें केलेला हा पितृतुल्य अधिकारी जगेल कीं मरेल हें आपणांस ठाऊक नसतें. दुसरा संकेत बीजाचा. म्हाताऱ्या मॉर्सचें मद्यप्रेम प्रसिद्ध. म्हणून तरुण मॉर्स आरंभीं मद्य न पिणारा दाखवून त्याच्या हातीं बिअरचा पहिला पेला थर्सडेकडून देवविला आहे. मॉर्सचें पाळण्यांतलें नांव मूळ कादंबरींत १९९६ पर्यंत गुप्त ठेविलें होतें. पूर्वकथेनें तें गुपित थेट मथळ्यावर मांडलें. तिसरा संकेत भविष्याच्या छायेचा. पहिल्याच भागाच्या अखेरीस थर्सडे विचारतो, वीस वर्षांनीं तूं कोठें असशील? मॉर्स गाडीच्या आरशांत पाहतो, आणि तेथें त्याचे स्वतःचे नव्हे, तर जॉन थॉचे डोळे दिसतात.

हा क्षण पाहून मी क्षणभर सुखावलों आणि लगेच अस्वस्थ झालों. कारण हेंच आम्हीं चरित्रकारांनीं आणि इतिहासकारांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलें आहे. आरशांत आम्ही नेहमीं म्हाताऱ्याचे डोळे पाहतों.

आमच्या निफाडचेंच उदाहरण घ्या. १८ जानेवारी १८४२ रोजीं महादेव गोविंद रानडे यांचा येथें जन्म झाला. शाळेच्या पुस्तकांतून त्यांच्या बालपणाची एक गोष्ट सांगितली जाते. खेळावयास कोणी सोबती नव्हता म्हणून लहानग्या महादेवानें खांबासच गडी केलें. एका हातानें खांबाचें दान टाकलें, दुसऱ्या हातानें आपलें, आणि खांब जिंकला तेव्हां आपली हार निमूटपणें कबूल केली. गोष्ट गोड आहे. पण ती आपणांस कां सांगितली जाते? तो मुलगा पुढें, १८९३ सालीं, हायकोर्टाचा न्यायमूर्ति झाला म्हणून. तो सराफ झाला असता तर हीच गोष्ट हिशेबीपणाची ठरली असती. बैरागी झाला असता तर एकांतप्रियतेची. बहुधा ती कोणी सांगितलीच नसती. शिवाय १८४२ सालीं मुंबईस विद्यापीठ नव्हतें. तें १८५७ सालीं झालें. हायकोर्ट तर १८६२ सालीं स्थापन झालें. ज्या खुर्चीकडे ते पाळण्यांतले पाय वळले होते असें आपण म्हणतों, ती खुर्चीच तेव्हां अस्तित्वांत नव्हती.

आणखी एक गमतीची, किंवा गंभीर, गोष्ट अशी कीं, खुद्द रानड्यांनीं इतिहास लिहिला तो याच संकेतानें. मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील प्रकरणांचे मथळेच पाहा: भूमि कशी तयार झाली, बीज कसें पेरलें गेलें, बीज कसें वाढीस लागलें, आणि पुढें वृक्षास आलेला मोहर व फळ. शिवाजीमहाराजांचा उदय हें फळ ठरल्यावर संतांची वाणी, सह्याद्रीचे डोंगर, दक्षिणी सुलतानांच्या पदरचे मराठे सरदार हें सर्व त्याची पूर्वतयारी म्हणून दिसूं लागतें. या विवेचनानें महाराष्ट्रास आत्मविश्वास दिला, हें ऋण नाकारतां येणार नाहीं. परंतु इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्याच संतांकडे पाहून, त्यांच्या निवृत्तिपर उपदेशानें समाज निष्क्रिय झाला, असा नेमका उलट निष्कर्ष काढला. बीज तेंच, वृक्षहि तोच. मग मतभेद कशाचा? बीज आपली वाट स्वतः सांगत नाहीं. ती आपण मागाहून सांगतों.

बीजाच्या या संकेताचा खरा दोष असा कीं, जें वृक्षाशीं जुळत नाहीं तें त्यांतून गळून पडतें. रानड्यांच्या आयुष्यांत १८७३ साल असें आहे. विधवाविवाहाच्या चळवळींत अग्रभागीं असलेल्या या एकतीस वर्षांच्या विद्वानाची पहिली पत्नी वारली, आणि वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून त्यांनीं अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. खांबाशीं न्यायानें खेळणाऱ्या मुलाची गोष्ट या प्रसंगाजवळ येऊन मुकी होते. त्यांचे भक्त येथें घाईनें पुढें जातात. त्यांचे विरोधक येथेंच ठाण मांडून बसतात. दोघांनाहि तो प्रसंग म्हाताऱ्या डोळ्यांनींच दिसतो. वडील आणि चळवळ यांच्या मध्यें उभ्या असलेल्या, पुढचें कांहींहि ठाऊक नसलेल्या माणसाची ती रात्र कशी गेली असेल, हें पाहण्यास कोणी थांबत नाहीं.

आणि येथेंच त्या इंग्रजी मालिकेनें मला कांहीं शिकविलें असें मी प्रांजळपणें कबूल करितों. पूर्वकथा लिहितांना तिच्या लेखकापुढें एक अडचण होती: थर्सडे जर तरुण मॉर्सला बापासारखा होता, तर १९८७ पासूनच्या तेहतीस भागांत मॉर्स त्याचें नांव एकदांहि कां काढीत नाहीं? खरें कारण उघड आहे. तेव्हां थर्सडे कोणी कल्पिलाच नव्हता. परंतु लेखकानें ही उणीव लपविली नाहीं. तीच अखेरच्या भागाचा विषय केली. नांव न काढणें ही विस्मृति नसून दिलेला शब्द पाळणें आहे, असें मौनाचें कारण त्यानें दाखविलें. ज्या माणसानें एका आयुष्यास सर्वाधिक आकार दिला, त्याचाच पुढच्या कागदपत्रांत मागमूस नसावा, हें कल्पित असलें तरी इतिहासाच्या अनुभवाशीं फार जुळतें. कागद मुका आहे म्हणून माणूस नव्हता असें होत नाहीं.

रानड्यांच्या बाबतींत हें मौन सुदैवानें फुटलें. १८७३ सालीं घरांत आलेल्या त्या निरक्षर मुलीस त्यांनीं स्वतः शिकविलें. घरांतल्या बायकांनीं तिला त्याबद्दल छळलें. पुढें हीच मुलगी पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे म्हणून ओळखली जाऊं लागली, आणि पतिनिधनानंतर नऊ वर्षांनीं, १९१० सालीं, तिनें आपल्या संसाराच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्या पुस्तकांतले रानडे न्यायमूर्तीच्या दिशेनें सरळ चालत जाणारे नाहींत. ते वडिलांस भिणारे, कधीं गप्प बसून जाच करणारे, कधीं मायेनें धडा देणारे असे दिसतात. सभांच्या अहवालांत आणि निकालपत्रांत हा मनुष्य सांपडणें शक्य नव्हतें.

तेव्हां आत्याबाईंच्या प्रश्नाचें माझें उत्तर असें: शेवट आपणांस ठाऊक आहे, पण पडद्यावरच्या त्या पोरास तो ठाऊक नाहीं, आणि पाहण्यासारखें जें कांहीं आहे तें याच अंतरांत आहे. चांगली पूर्वकथा हें अंतर राखते. १९६५ सालच्या पोलिसाच्या हातीं ती १९८० नंतरची रक्तपरीक्षा देत नाहीं, आणि त्याच्या मनांतहि नंतरचें शहाणपण घालीत नाहीं. त्याला चुकूं देते. दुसरीकडे वळण्याची वाट शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्यापुढें उघडी ठेवते. इतिहासकारानें याहून वेगळें काय करावें? आरशांतले डोळे पुसून टाकणें त्यास शक्य नाहीं, कारण ते त्याचे स्वतःचेच असतात; परंतु ते आपले आहेत, त्या मुलाचे नव्हेत, एवढें भान त्यास ठेवतां येईल.

हें सर्व मीं आत्याबाईंस सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “मग लाव पुढचा भाग, बघूं तरी, पोर काय काय चुका करतें तें.”