परीक्षानळीतील अभिक्रिया आणि डोंबिवलीतील रसायने

खास प्रतिनिधी, डोंबिवली

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' असा एक धडा आहे. संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन हे चार प्रकार विद्यार्थी गुणांसाठी पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्यांना मात्र हा धडा विसरणे परवडणारे नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा श्रीगणेशा १९६२मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला. पुढे डोंबिवली आणि अंबरनाथ येथील वसाहतींत रसायने व रंगद्रव्यांचे कारखाने उभे राहिले आणि कालांतराने निवासी इमारती त्यांच्या कुंपणाला भिडल्या. या परिसरात घडलेल्या दुर्घटनांमागचे रसायनशास्त्र समजून घेण्यासाठी शाळेतली शिदोरीही बरीच पुरते.

ऑक्सिजनचा प्रयोग आणि पेरॉक्साइड

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकले की द्रावण फसफसते. पेरॉक्साइडचे अपघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन तयार होतात आणि परीक्षानळी हाताला गरम लागते. मँगनीज डायऑक्साइड स्वतः खर्च होत नाही, ते केवळ वेग वाढवते. म्हणूनच त्याला उत्प्रेरक म्हणतात. या संयुगातील दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध मुळातच दुबळा असतो आणि तो तुटताना उष्णता बाहेर पडते.

प्लास्टिक आणि रेझिन उद्योगात वापरली जाणारी सेंद्रिय पेरॉक्साइडे याच कुळातली. फरक इतकाच, की त्यांच्या एकाच रेणूत जळण्याजोगा कार्बन आणि त्याला जाळणारा ऑक्सिजन शेजारीशेजारी नांदत असतात. त्यामुळे यातील अनेक पेरॉक्साइडे थंड जागी ठेवावी लागतात. गंज किंवा धातूचा कण आत गेला तरी तो उत्प्रेरकाचे काम करू शकतो. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमधील अमुदान केमिकल्स या कंपनीत भीषण स्फोट झाला, तेव्हा पेरॉक्साइड हा शब्द घरोघरी पोहोचला. त्या दुर्घटनेत दहाहून अधिक जणांचा बळी गेला आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या.

तिहेरी बंधातली ऊर्जा

कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकले की ॲसिटिलीन वायू मिळतो. वेल्डिंगची प्रखर ज्योत याच वायूची. त्याच्या दोन कार्बन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो आणि त्यात बरीच ऊर्जा दडलेली असते. दाबाखाली शुद्ध ॲसिटिलीन हवेच्या मदतीविनाही फुटू शकतो, म्हणून सिलिंडरमध्ये तो ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात.

प्रोपार्जिल क्लोराइड या संयुगातही असाच तिहेरी बंध आहे. ते साठ अंश सेल्सियसच्या आतच उकळते, चटकन पेट घेते आणि उष्णता व दाब त्याला सोसत नाहीत. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीतील प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात झालेल्या स्फोटात १२ जण मृत्युमुखी पडले, तर दोनशेहून अधिक जखमी झाले. या स्फोटाच्या चौकशी अहवालात प्रोपार्जिल क्लोराइडवरच बोट ठेवण्यात आले होते.

लहान भांडे, मोठे भांडे

जी अभिक्रिया परीक्षानळीत निमूट पार पडते, ती कारखान्यात हाताबाहेर का जाते? याचे उत्तर भूमितीत आहे. भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची दहापट केली, तर त्यात मावणारे रसायन हजारपट होते. उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र शंभरपटच वाढतो. म्हणजे उष्णता निर्माण होते हजारपट आणि तिला बाहेर पडायला वाट मिळते शंभरपट.

त्यात तापमान दहा अंशांनी वाढले, की अनेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की वेग आणखी वाढतो. हे दुष्टचक्र रोखण्यासाठी रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी किंवा तत्सम द्रव सतत फिरवला जातो. रसायन एकदम न ओतता थोडे थोडे सोडले जाते. वीज गेली, पंप बंद पडला किंवा ढवळणी थांबली, तर हाताशी काही मिनिटेच उरतात. तापमापकावर नजर ठेवणारा प्रशिक्षित कामगार आणि पर्यायी वीजपुरवठा हा म्हणूनच अनावश्यक खर्च नव्हे.

सडक्या अंड्यांचा वास

आयर्न सल्फाइडवर सौम्य आम्ल टाकून किप उपकरणात हायड्रोजन सल्फाइड तयार करण्याचा प्रयोग जुन्या पिढीतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. हे दुहेरी विस्थापनाचे उत्तम उदाहरण. सल्फाइडयुक्त सांडपाणी आणि आम्लयुक्त सांडपाणी नाल्यात एकत्र आले, तर नेमके हेच घडते. २०१४च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वालधुनी नाल्यात सोडलेल्या रासायनिक सांडपाण्यातून विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात धाव घ्यावी लागली.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने सखल भागात साचतो. त्याचा सर्वांत मोठा धोका असा, की प्रमाण वाढल्यावर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे वास थांबला म्हणजे वायू गेला, असे मुळीच समजू नये.

हिरवा पाऊस, गुलाबी रस्ता

जानेवारी २०१४मध्ये डोंबिवलीकरांनी हिरवट पाऊस अनुभवला, तर फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतील रस्ता गुलाबी झालेला पाहिला. रंगद्रव्याचा एक चमचा बादल्याच्या बादल्या पाणी रंगवू शकतो, त्यामुळे रंगाच्या गडदपणावरून त्याचे प्रमाण ठरवता येत नाही. त्याचबरोबर, रंगहीन पाणी निर्धोक असते असेही नाही. आम्ल पाण्यासारखेच स्वच्छ दिसते. त्यासाठी सामू मोजावा लागतो. सांडपाण्याचा सामू सोडण्यापूर्वी ५.५ ते ९ या दरम्यान आणणे नियमाने बंधनकारक आहे. आम्लात चुना मिसळून हे साधले जाते. शाळेत शिकलेले उदासिनीकरण ते हेच.

घरातली प्रयोगशाळा

रसायने केवळ एमआयडीसीच्या कुंपणाआड असतात असे नाही. उल्हास नदीचे पाणी आपल्या नळाला येण्यापूर्वी तुरटीने त्यातील गाळ खाली बसवला जातो आणि क्लोरीनने जंतू मारले जातात. पाण्यात अत्यल्प प्रमाणात असलेला हा क्लोरीन जीवरक्षक ठरतो. तोच बंद न्हाणीघरात जीवघेणा होऊ शकतो. ब्लिचिंग पावडर आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल एकाच वेळी ओतले, तर क्लोरीन वायू बाहेर पडतो. ब्लिचिंग पावडर आणि अमोनियायुक्त क्लीनर यांचे मिश्रणही घातक. ही द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत. चुकून तसे झालेच, तर भांडी उचलत न बसता तात्काळ मोकळ्या हवेत जावे. वसाहतीत वायुगळती झाल्यास वाऱ्याच्या दिशेने धावू नये. वाऱ्याला आडवे जाऊन दूर व्हावे आणि सखल जागा टाळावी.

कोणता कारखाना काय बनवतो, किती साठवतो आणि आपत्तीत नागरिकांनी काय करावे, हे विचारण्याचा अधिकार शेजाऱ्यांना आहे. पण मिळालेल्या उत्तराचा अर्थ लावण्यापुरते तरी रसायनशास्त्र त्यांना यायला हवे. ते दहावीच्या पुस्तकात आहे, तेवढे पुन्हा उघडायला हवे.