चेक इंजिनच्या दिव्याची कुळकथा

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गाडीवाल्याच्या मनात पहिला विचार येतो तो ॲव्हरेजचा. पण हा दिवा जन्मला तो पेट्रोल वाचवायला नव्हे. त्याचं मूळ लॉस अँजेलिसच्या धुरक्यात आहे.

१९४३च्या उन्हाळ्यात या शहरावर डोळे झोंबवणारं धुरकं उतरलं. महायुद्धाचे दिवस, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय, अशीही धास्ती लोकांनी घेतली. खरं कारण उलगडलं पुढच्या दशकात. कॅलटेकमधले डच रसायनतज्ज्ञ आरी हागेन-स्मिट तेव्हा अननसाच्या गंधाचा अभ्यास करत होते. ते हवेच्या मागे लागले आणि मोटारींच्या धुरातली हायड्रोकार्बनं व नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन बनतो, हे त्यांनी दाखवून दिलं. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्षही पुढे तेच झाले. या कुळाचा मूळपुरुष मी त्यांनाच मानतो.

पुढे कायदे कडक झाले आणि १९७५च्या मॉडेलांपासून अमेरिकेत सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याची सुधारलेली, तिन्ही घातक वायू एकदम आवरणारी जात मात्र एका भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा असेल तरच नीट चालते. साध्या कार्बुरेटरला एवढं काटेकोर प्रमाण सांभाळणं जमेना. म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला आणि त्याचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करणारा कॉम्प्युटरही आला. सेन्सर बिघडला तर ते कळवायचं कोणी? तेही काम कॉम्प्युटरकडेच गेलं, आणि ते सांगायला हा दिवा आला.

ऐंशीच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ते कसं चाले, हे पाहण्यासारखं आहे. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधल्या ए आणि बी या पिना कागदाच्या साध्या क्लिपने जोडायच्या आणि इंजिन बंद ठेवून चावी ऑन करायची. दिवा एकदा लुकलुके, थांबे, मग दोनदा लुकलुके: कोड १२. म्हणजे यंत्रणा जागी आहे. तो तीनदा सांगून झाला की साठवलेले बिघाड येत. ४४ म्हणजे मिश्रण पातळ, ४५ म्हणजे पेट्रोल जास्त. मेकॅनिक हे लुकलुकणं मोजत बसे.

प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, सॉकेट वेगळं. कॅलिफोर्नियाने १९८८मध्ये ही स्वनिदान यंत्रणा, म्हणजे ओबीडी, सक्तीची केली, तरी हा घोळ राहिलाच. तो मिटवला ओबीडी-२ने. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींत १६ पिनांचं एकच सॉकेट आणि पी०१७१सारखे सामायिक कोड आले. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा २०१०मध्ये आणि दुसरा २०१३मध्ये लागू झाला.

दिवा कधी लावायचा, याचा अमेरिकेतला मूळ दंडकही धुराचाच: प्रदूषण मर्यादेच्या साधारण दीडपट जाईल एवढा बिघाड झाला की लाव. म्हणूनच ब्रेक चिकटला, टायरमध्ये हवा कमी असली, तर ॲव्हरेज घसरतं आणि दिवा मात्र गप्प राहतो. उलट पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलं नाही, तर वाफ निसटते म्हणून काही गाड्यांत दिवा लागतो, पण ॲव्हरेज जवळपास तेवढंच असतं.

दिवा आणि ॲव्हरेजची घसरण एकत्र भेटतात ती पी०१२८सारख्या कोडात. थर्मोस्टॅट उघडाच अडकला की इंजिन पुरेसं तापत नाही. कॉम्प्युटर ते थंडच आहे असं धरून जास्त पेट्रोल सोडत राहतो. अशा वेळी ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई करू नये. आधी स्कॅनरवर कूलंटचं तापमान वाचावं. आणि कोड पुसण्यापूर्वी त्याच्यासोबत साठवलेली नोंद, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान किती होतं ते, लिहून ठेवायला गॅरेजवाल्याला सांगावं. इरेजचं बटण दाबलं की तीही जाते.