पेनिसिलीनला न जुमानणारा परमा

उल्हासनगरमध्ये आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असे म्हणतात. बदलापूरच्या माणसाला त्यात काही वेगळे वाटत नाही. हे नाव आले दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याणच्या छावणीवरून. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

त्या काळी जगातल्या कुठल्याही छावणीत लष्करी डॉक्टरांना हिवतापाइतकीच धास्ती असे ती गुप्तरोगांची. त्यांतला एक परमा, म्हणजेच गनोरिया. युद्धाच्या त्या पाच-सहा वर्षांत या रोगावरचे एक औषध निकामी होत गेले आणि दुसरे हाती आले. वर्गात या रोगाचे नाव घ्यायला आपण संकोचतो, पण औषधांना दाद न देणारे जंतू कसे तयार होतात हे समजून घ्यायला याच्याइतके स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या रोगाचा जंतू आल्बर्ट नायसर या तरुण जर्मन डॉक्टरने १८७९ साली शोधला. सूक्ष्मदर्शकाखाली तो कॉफीच्या दोन बिया समोरासमोर ठेवाव्यात तसा जोडीने दिसतो. पुरुषाला लघवीला जळजळ होते, पू येतो, त्यामुळे रोग लगेच कळतो. स्त्रियांमध्ये मात्र बरेचदा काहीच लक्षण दिसत नाही. जंतू वर सरकून गर्भनलिकांना इजा करतो आणि पुढे मूल होत नाही. (त्याचा दोष बाईच्या नशिबाला दिला जातो, हे वेगळे सांगायला नको.) प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांत जंतू गेला तर अंधत्व येऊ शकते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर यावर कबाबचिनी आणि चंदनाचे तेल देत. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने मूत्रमार्ग धुणे हाही उपाय होता. रुग्णांचे हाल होत, गुण बेताचा येई.

१९३७च्या सुमारास सल्फा औषधे वापरात आली. जंतूला वाढीसाठी फोलिक आम्ल लागते आणि ते तो स्वतः तयार करतो. सल्फाचा रेणू त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालासारखाच दिसतो, त्यामुळे जंतूचे विकर फसते आणि काम अडते. पण लाखो जंतूंमध्ये एखाद्याचे विकर थोडे वेगळ्या घडणीचे असते, ते फसत नाही. बाकीचे मेले की मैदान त्याचेच. सात-आठ वर्षांतच सल्फाचा गुण येईनासा झाला.

सुदैवाने १९४३मध्ये पेनिसिलीन आले. सुरुवातीला दीड-दोन लाख युनिट पुरत. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीन देशात बनू लागले. मात्र त्याच वर्षांत जगभर परम्यासाठी लागणारी मात्रा हळूहळू चढत होती. १९७०च्या दशकात ती ४८ लाख युनिटांवर पोचली, आणि औषध लघवीवाटे लवकर निघून जाऊ नये म्हणून सोबत प्रोबेनेसिडही द्यावे लागे. एवढे औषध एका वेळी दोन्ही बाजूंना टोचावे लागे!

ही चढण छोट्या-छोट्या बदलांची होती. १९७६मध्ये जे आढळले ते निराळेच होते. पेनिसिलीनचे तुकडे करणारे विकर घेऊनच आलेले जंतू एकाच वर्षी इंग्लंड-अमेरिकेत सापडले. काहींचा माग पश्चिम आफ्रिकेकडे जात होता, काहींचा पूर्व आशियाकडे. त्या विकराचे जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर होते, आणि ते कडे बहुधा हिमोफिलस या दुसऱ्याच जातीच्या जंतूंकडून आलेले होते. आता मात्रा वाढवून उपयोग नव्हता.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. टेट्रासायक्लीन गेले, सिप्रोफ्लॉक्सासिन गेले (अमेरिकेने २००७मध्ये या गटाची शिफारस थांबवली). मग उरली सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे. २००९ साली जपानमधल्या क्योटो शहरात सेफट्रायॅक्सोनलाही दाद न देणारा जंतू मिळाला.

त्या जंतूचे जनुक तपासले तेव्हा ते ठिगळे जोडलेल्या गोधडीसारखे निघाले. ही ठिगळे कुठली? नायसेरिया कुळातल्या काही निरुपद्रवी जाती आपल्या सगळ्यांच्या घशात राहतात. परम्याचा जंतूही घशात राहू शकतो, आणि शेजाऱ्याच्या मेलेल्या पेशीतला डीएनए उचलून आपल्यात जोडून घेण्याची त्याला खोडच आहे. म्हणजे सर्दीवर, साध्या घसादुखीवर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या घशातल्या या निरुपद्रवी जंतूंना तरबेज करतात, आणि त्यांची विद्या परम्याच्या जंतूला आयती मिळते. ज्याला हा रोग कधी झाला नाही आणि होणारही नाही, त्यानेही त्याला हातभार लावलेला असतो.

निदानाची अडचण वेगळीच. हा जंतू नाजूक. शरीराबाहेर पडला की लवकर मरतो, आणि प्रयोगशाळेत वाढवायला तापवलेल्या रक्ताचे खास खाद्य व कार्बन डायऑक्साइड लागतो. गावोगावच्या दवाखान्यांत हे कुठून आणणार? म्हणून भारतात लक्षणे पाहून उपचार करण्याची पद्धत आली. २००७च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत करड्या रंगाचे ‘किट १’ ठरले: सेफिक्साइम ४०० मिलिग्रॅम आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, एकदाच, दवाखान्यातच गिळायचे. गरिबाला पहिल्याच फेरीत औषध मिळते, हा त्याचा मोठा फायदा. माझ्या मते त्या परिस्थितीत तो निर्णय योग्यच होता. पण ज्या बाईला लक्षणेच नाहीत ती यातून सुटते, आणि जंतू वाढवून पाहिलाच नाही तर तो कशाला दाद देत नाही हेही कळत नाही.

डिसेंबर २०२५मध्ये अमेरिकेने झोलिफ्लोडॅसिन आणि जेपोटिडॅसिन या तोंडाने घ्यायच्या दोन औषधांना परम्यासाठी मान्यता दिली. दोन्ही जंतूचा डीएनए उलगडणाऱ्या विकरांवर नव्या जागी घाव घालतात. झोलिफ्लोडॅसिनची चाचणी ९३० रुग्णांवर पाच देशांत झाली. त्यांत भारत नव्हता.