तगाई ते डीबीटी: नुकसान झालं कोणाचं, पैसे कोणाला?

सप्टेंबर २०२५. कोपरगावला आमच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी. वडिलांनी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि आजीने विचारलं, “तगाई मिळंल का रे आता?”

मी कोड लिहिणारा माणूस, मला हा शब्दच माहीत नव्हता. आजचा एपिसोड त्यावरच.

तगाई म्हणजे सरकारने शेतकऱ्याला बी-बियाण्यासाठी, बैलासाठी दिलेली उचल. पेशवाईतही ती होती. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी १८८४ मध्ये तिचा कायदा केला. पण लक्षात घ्या, हे कर्ज होतं. थकलं तर शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखं वसूल व्हायचं, म्हणजे जमिनीवर जप्ती येऊ शकायची. बुडालेल्याला दोर द्यायचा, आणि नंतर दोराचे पैसे मागायचे!

मग १९७२ चा दुष्काळ. तेव्हा मदत मिळाली ती कामाच्या रूपात. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं आणि पोटाला सुखडी. स्वतःची शेती असलेली माणसंही मजुरीच्या रांगेत उभी राहिली. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात त्यासाठीच सुरू झाला.

आता थेट अनुदान, परत करायचं नाही. पिकाचं किमान ३३ टक्के नुकसान हवं. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्के होती. २०२५ मध्ये केंद्राच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने रब्बीच्या बियाण्यासाठी वर १०,००० जाहीर केले, म्हणजे १८,५००. तेव्हा मर्यादा होती तीन हेक्टर. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनामा करतात, यादी अपलोड होते आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात.

कर्ज, मग मजुरी, मग अनुदान. दीडशे वर्षांत एवढा पल्ला गाठला, ही खरंच मोठी गोष्ट आहे.

पण एक बग तसाच राहिलाय. आमच्या शेजारचं कुटुंब कित्येक वर्षं दुसऱ्याची जमीन बटईनं करतंय. बियाणं त्यांचं, खत त्यांचं, घाम त्यांचा. सातबाऱ्यावर नाव मालकाचं. पीक वाहून गेलं, तेव्हा मेसेज मालकाच्या फोनवर आला. त्याने अर्धे दिले, हा त्याचा चांगुलपणा. नसते दिले, तर हे कुठे दाद मागणार?

सिस्टीमने चूक केली नाही. तिला जे विचारलं, तेच तिने सांगितलं. यादीत ‘जमीन कोणाची’ हा रकाना आहे, ‘पीक कोणाचं’ हा नाही. तो रकाना घालणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते मालकाची भीती घालवणं, की कागदावर कुळाचं नाव लागलं तर जमीन जाईल.

आजीला मी सांगितलं, “तगाई नाही, अनुदान. फेडायचं नाही.” ती म्हणाली, “बरंय. पण शेजारच्यांचं काय?”

तुमच्या गावात बटईवाल्यांचं काय होतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.